पुढचा अंक, मग कॉफी

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मल्लेश्वरमच्या आमच्या दुकानात मी एका बाईंना परकर दाखवत होते. यशवंतपूरच्या बसथांब्यावर कोसळला म्हणे... परकराची घडी घातली, एवढंच आठवतं. महिना झाला, पण राग उतरत नाही. उतरावा असं वाटतही नाही.

हा माझा थोरला भाऊ कॉलेजात गणित शिकवायचा. घरात आम्ही दोघंच. स्वयंपाकघराच्या दाराशी त्यानं फळा ठोकला होता. पाहुण्याच्या हाती आधी खडू, मग कॉफी! शोधायचं काय, तर ऋण एकाचं वर्गमूळ. पुस्तकं त्याला काल्पनिक म्हणतात. अण्णा म्हणायचा, "काल्पनिक कशाला? पाचाच्या जगात ते खरंखुरं आहे." तिथे अंक शून्य ते चार, पाच लिहायचे ते दहासारखे, आणि संख्या वाढायची डावीकडे. दोनाचा वर्ग चार. एक मिळवला की पाच, शेवटी एक शून्य. दोनाच्या डावीकडे एक मांडला की पाच आणि दोन, झाले सात; वर्ग एकोणपन्नास, एक मिळवून पन्नास, तिथल्या लिखाणात २००, शेवटी दोन शून्यं. असाच एकेक अंक जोडत जायचा, शून्यं वाढत जातात, कधी संपत नाहीत. वर्गात एक मिळवून शून्यच उरतं, तर तो वर्ग ऋण एकच की!

"शाले, स्वल्प डोकं चालव. पाच अंकांतला एकच बसतो."

"आधी दूध उतू जातंय ते बघ!" मी खेकसायचे.

हेच त्यानं वर्गात सांगितलं. एका पालकानं तक्रार केली, की मास्तर परीक्षेत चूक ठरेल असं शिकवतात. प्राचार्यांनी चौकशी केली नाही, गणित तर मुळीच केलं नाही. अण्णाचे तास काढून त्याला उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर बसवलं. शिकवण्यावाचून जगू न शकणारा माणूस दोऱ्या बांधत बसला. "सरी, असू दे, चालायचंच," म्हणायचा. चालायचंच कसलं, डोंबल! माझ्या भावाला त्यांनी आतून मारलं, मग बसथांब्यावर तो नुसता पडला.

शोकसभेत हेच प्राचार्य म्हणाले, "निष्ठावान, पण जरा भरकटलेले." दुसऱ्या दिवशी घरी आले. फळ्यावर अण्णानं त्या शेवटच्या सकाळी घरून निघताना लिहिलेलं होतं, डावीकडे टिंबं देऊन, ३१२१२. "संध्याकाळपर्यंत पुढचा काढून ठेव," असं मला सांगून तो गेला होता. प्राचार्य हळहळून म्हणाले, "अक्का, पुसून टाका हे. मनाला त्रास होतो."

मी खडू पुढे केला. "सर, पुढचा अंक काढा. भरकटलाय का ते कळेल."

त्यांनी फळ्याकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. मीटिंग होती म्हणे. मी त्यांना कॉफी विचारली नाही. घरचा नियम तो घरचा नियम.

ते गेल्यावर मी एकेक अंक लावून पाहिला. शून्य नाही, एक नाही, दोन नाही, तीन नाही... चार बसला. टिंबं पुसून तिनाच्या डावीकडे चार लिहिला, त्याच्या डावीकडे पुन्हा टिंबं दिली. मग दूध तापत ठेवलं, आणि सवयीनं दोन कपांचं ठेवलं.