चिमण्या-पाखऱ्याला अठरा वर्षांची अट

महाळुंगे पडवळची अश्विनी कुठलाही फॉर्म अर्धवट भरत नाही. द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये परदेशी जाणाऱ्या मालाची कागदपत्रं गेली नऊ वर्षं तीच करते. कुठल्या बागेत कुठलं औषध कधी फवारलं, सगळं लिहायचं. एक फवारणी लपवली तर कंटेनर बंदरावरून परत. हे तिच्या अंगात भिनलंय. कॉलेजात मी तिला इंग्रजी शिकवलं. तेव्हाही ही बाई प्रश्नपत्रिकेतलं ‘किंवा’ न बघता दोन्ही प्रश्न सोडवायची आणि दोन्ही मला तपासावे लागायचे.

तिचे वडील सोपानराव एके काळी बैलगाडा पळवायचे. आता गुडघे गेले, बैल तर कधीच गेले. भाऊ सुदर्शन मेलबर्नला असतो, त्याचा समर्थ सात वर्षांचा. दर रविवारी आजोबा-नातू फोनवर समोरासमोर यायचे. “जेवला का?” “हो.” “शाळेत जातो का?” “हो.” संपलं. दोघांना एकमेकांशी बोलायला काही नव्हतंच, त्यात दोष कुणाचाही नाही.

म्हणून अश्विनीने मोबाइलवर बैलगाडा शर्यतीचा गेम बनवला. इंटरनेटवरून शिकत, सुट्टीच्या दिवशी, दोन वर्षं. घाट म्हणजे शर्यतीची धावपट्टी, निशाण, पुढे धावणारी घोडी आणि गाड्याला सोपानरावांचे बैल, चिमण्या न् पाखऱ्या. जुना फोटो बघून पाखऱ्याच्या कपाळावरचा पांढरा ठिपकासुद्धा काढला. आजोबांनी इथून खेळायचं, नातवाने तिथून.

गेम सगळीकडे मिळायचा तर आधी वयाचा फॉर्म भरावा लागतो. मारामारी आहे का, दारू आहे का, असले प्रश्न. उत्तरं एकदाच द्यायची. त्यावरून प्रत्येक देशाच्या नियमाप्रमाणे वय ठरतं. अश्विनीच्या गेमचं ठरलं ते असं: आपल्याकडे बारा, अमेरिकेत तेरा, ऑस्ट्रेलियात अठरा. कारण, जुगार.

देशागणिक फरकाचं तिला नवल नव्हतं. एकाच बागेची द्राक्षं एका देशाला चालतात, दुसऱ्याला नाहीत, हे ती रोज बघते. पण समर्थ सात वर्षांचा, आणि त्याची आई तेजस्विनी शब्दाची पक्की.

“ताई, रागावू नका,” ती फोनवर म्हणाली. “वयाचा आकडा बघायचा आणि मगच गेम मागायचा, असं मीच त्याला शिकवलंय. घरचा म्हणून हा चालवला, तर उद्या तो माझं ऐकेल का?”

तिचं बरोबरच होतं. मी तसं म्हटलं, तर अश्विनी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

आळेफाट्यावरच्या मोबाइलच्या दुकानातल्या हितेशने उपाय सुचवला. “ताई, ती जुगाराची टिक काढून टाका ना. मेलबर्नहून कोण तपासायला येतंय?”

“कंटेनर असाच परत येतो, हितेशभाऊ,” ही म्हणाली आणि घरी आली.

सोपानराव ओसरीवर बसले होते. “ऱ्हाऊ दे पोरी,” म्हणाले. “आपलं बैल तिकडं चालत न्हाईत, झालं.” म्हणाले आणि फोन पालथा ठेवला. मी तिथेच होते. मला राहवेना. म्हटलं, आण तो लॅपटॉप इकडे.

“जुगार कुठे आहे यात?”

“चिठ्ठ्या, मॅडम. घाटात गाड्यांचा नंबर चिठ्ठी काढून ठरतो, मी तेच ठेवलंय. वर जिंकल्यावर फेटा मिळतो. नशीब आलं, बक्षीस आलं. म्हणून ‘हो’ लिहिलं.”

“प्रश्नाखालची बारीक ओळ वाचलीस?”

नव्हती वाचली. मी मोठ्याने वाचून दाखवली. खेळणारा पैसे, नाणी किंवा गुण पणाला लावतो का, आणि हार-जीत नशिबावर ठरते का, असा तो प्रश्न होता.

सोपानराव मधेच बोलले. “चिठ्ठीनं कोन जिंकतंय व्हय, बाई? चिठ्ठी फकस्त घाटात कवा उतरायचं ते सांगती. जिंकायचं तर घड्याळात पळावं लागतं.”

“आणि पणाला काय लावतात?”

“माझ्या येळंला तर गुडघं लावलं व्हतं.”

अश्विनीने मला तीनदा विचारलं, हे लपवणं तर नाही ना? मी शेवटी ओरडले, “लपवणं नाही गं. न विचारलेलं सांगून बसलीस तू.” मग तिने फॉर्म पहिल्या प्रश्नापासून पुन्हा भरला, बारीक ओळींसकट. तासभर. सोपानराव म्हणाले, एवढ्या वेळात मी चार घाट फिरून आलो असतो.

आकडे मात्र लगेच आले. आपल्याकडे तीन, अमेरिकेत सर्वांसाठी, ऑस्ट्रेलियातही सर्वांसाठी. अश्विनीने एवढा मोठा श्वास सोडला की तिच्या वडिलांनी वळून पाहिलं. ‘चहा टाकते’ म्हणून उठली ती सरळ तेजस्विनीला फोन लावून बसली. चहा मीच केला.

रविवारी समर्थने आधी आकडा बघितला, आईला दाखवला, मग गेम उघडला. चिठ्ठी निघाली चौदा नंबरची.

“आजोबा, तेरा गाडे जाईपर्यंत थांबायचं?”

“थांबायचंच. नंबर आल्याबिगर घाटात उतरायचं न्हाई. तंवर बैलाच्या पाठीवरनं हात फिरवायचा. पाखऱ्याला लई आवडायचं.”

“हा ठिपकेवाला?”

“त्योच. त्याची एक गंमत सांगतो तुला.”

गंमत चाळीस मिनिटं चालली. मधे समर्थचा नंबर येऊन गेला, दोघांच्याही लक्षात आलं नाही.