आबांच्या विमानाचा तोल

मी डहाणूच्या बाजारात बोंबलाची पाटी पुढे घेऊन हाका देत होते, तेव्हा शेजारची जनाक्का लगबगीनं आली आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "पाटी झाक, घरी चल. आबा गेले." तोंडातली हाक तोंडातच राहिली... या गोष्टीला आता महिना होऊन गेला. दुपारी घरात कुणी नसतं, तेव्हा लिहायला बसते. चौथीपर्यंत शिकलेली मी, कुणाला दाखवायचं नाही म्हणूनच धीर होतो. मला हाक द्यायला आबांनी शिकवलं, आणि तेही एका विमानापायी. हे माझ्याशिवाय कुणाला नीट माहीत नाही.

आबा माझे सासरे. मी वरोरहून लग्न होऊन आगरला आले तेव्हा आमच्या होड्या शिडाच्याच होत्या, इंजिनं पुष्कळ नंतर आली. पुरुषांनी मासळी आणायची आणि बायकांनी विकायची, ही आमची रीत. पण माहेरी मासळी विकायला आई जायची, मी घरी बोंबील वाळत घालायची. चार माणसांत माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. सासूबाईंनी मला बाजारात बसवलं. डावीउजवीकडच्या बायका ओरडून गिऱ्हाईक ओढायच्या आणि माझ्या पाटीवर माश्या बसायच्या. तलासरीच्या आठवडी बाजारात सुकं घेऊन गेले तर तेही तसंच परत आणलं. सासूबाई दारातूनच म्हणायच्या, "आली बाई आमची मुकी! अगं, बोंबलाला निदान तोंड तरी मोठं असतं." मी खाली मान घालून ऐकायची. शेवटी एकदा त्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "होळीपर्यंत वाट बघते. तोवर हिला विकता आलं नाही तर वरोरला पोचती करते. आमच्या घरात बसून खाणारी सून परवडायची नाही." आईपुढे आमच्या ह्यांचंही तोंड उघडत नसे.

त्याच सुमारास आबांच्या जाळ्यात विमान आलं. आबांनी मोठ्या होडीवर जाणं सोडलं होतं, काठाजवळ लहान जाळं टाकायचे. चिकूवाडीत मुंबईहून आलेला कुणी पाहुणा किनाऱ्यावर खेळातलं विमान उडवत होता, ते समुद्रात पडलं होतं. आबांनी ते पिळवटलेलं, कागद सुटलेलं विमान त्याला नेऊन दिलं, तर तो म्हणाला, "राहू द्या, मोडलंय ते." गावात हसं झालं. "आबांना विमान लागलं! कालवण करा नाहीतर खारवा." आबा म्हणाले, "काटे फार आहेत, तुम्हाला झेपायचं नाही." आणि दुसऱ्या दिवसापासून पडवीत बसून तसंच दुसरं करू लागले.

जाळ्याला तरंगायला बांधतात त्या पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाचं त्यांनी अंग कोरलं. बांबूच्या कामट्या तासून, दिव्यावर धरून वाकवून पंखांचा सांगाडा केला. डहाणूच्या दुकानातून पतंगाचा कागद आणला आणि मैद्याची खळ मला शिजवायला सांगितली. कागद चिकटवून वरून पाण्याचा हात फिरवला की वाळताना तो ढोलकीसारखा ताणून बसे. मी बाजूला बसून बघायची. ते माझ्याशी फार बोलत नसत, पण एकदा म्हणाले, "सूनबाई, उद्या सकाळी ओहोटीला माझ्याबरोबर चल. मला लांबचं नीट दिसत नाही. मी फेकीन, तू पुढे उभी राहून ते काय करतं ते सांग."

ओहोटीनंतर आमच्याकडे ओल्या रेतीचं भलंमोठं अंगण पडतं. आबा एका टोकाला, मी दुसऱ्या टोकाला. त्यांनी विमान फेकलं. ते जेमतेम वर गेलं आणि पडलं. "काय झालं गं?" आबांनी विचारलं. मी सांगितलं. आबांनी कानामागे हात धरला. "काय? पापलेट?" मी पुन्हा सांगितलं. "वारा गिळतोय तुझं बोलणं! मोठ्यानं!" ऐकायला किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. म्हणून मी डोळे मिटून ओरडले, "नाक वर! शेपटीवर पडलं!"

"हां," आबा म्हणाले, "आता कळलं."

मग रोज ओहोटीला हेच. नाक वर जायचं, विमान हवेत क्षणभर अडखळायचं आणि शेपटीवर आपटायचं. कारण आबांनी ते होडीसारखं भरलं होतं. होडीचं नाक उचललेलं पाहिजे, नाहीतर लाट आत येते, म्हणून ओझं मागे. हा नियम त्यांच्या हाडात होता. जाळ्याला बुडवायला लावतात ते शिसं त्यांनी शेपटीखाली बांधलं होतं. विमान पडलं की ते आणखी थोडं शिसं मागे चढवायचे आणि म्हणायचे, "अजून नाक पुरतं उचलत नाही." मी रोज तेच ओरडत होते, "नाक वर! अडखळलं! पडलं!" ओरडून ओरडून मला ते डोळे मिटूनही दिसू लागलं. एक दिवस मला राहवलं नाही. तितक्याच लांबून, तितक्याच मोठ्यानं मी म्हणाले, "आबा, नाक वरच जातंय हो! जास्तच वर जातंय! शिसं पुढे घ्या!"

सासऱ्यांना असं सांगितलं म्हणून माझी मलाच भीती वाटली. आबा मात्र रेतीत बसले आणि शेपटीचं शिसं सोडू लागले.

शिसं नाकाला बांधलं तर विमान चोच मारून रेतीत घुसलं. मग आबा सुरीनं शिसं थोडं थोडं खरवडू लागले. पंखांखाली दोन बोटं धरून विमान तोलायचं, नाक किंचित खाली झुकलं की पुरे. नंतर ते डावीकडे कलंडू लागलं, कारण त्या पंखाला खळ जास्त लागली होती. उजव्या टोकाला पांगाऱ्याची चकती डकवली. आबा बोटांवर विमान धरून विचारायचे, "बघ, बसला का तोल?" आणि मी सांगेपर्यंत फेकायचे नाहीत.

ज्या दिवशी ते उडालं त्या दिवशी वारा मंद होता. आबांच्या हातून सुटलं ते सरळ, नाक ना वर ना खाली, रेतीवरून माझ्याकडे आलं, डोक्यावरून गेलं, मी मागे वळून धावत सुटले, "उडतंय! आबा, सरळ जातंय! अजून जातंय! सुरूपर्यंत गेलं!" सुरूच्या झाडांपलीकडे आमचं घर. तिथून सासूबाई हातातलं पीठ तसंच घेऊन बाहेर आल्या. "कोण गं ओरडतंय?" त्यांनी विचारलं आणि मला बघून तिथंच उभ्या राहिल्या.

विमान घेऊन परत आबांजवळ आले, तर ते समुद्राकडे बघत म्हणाले, "आपली होडी आली बघ. शिडाचं ठिगळ पुन्हा उसवलंय." मला तिथं नुसता ठिपका दिसत होता. मी म्हणाले, "आबा, तुम्हाला लांबचं दिसत नाही ना?" आबा पंखावरची रेती झटकत राहिले. "कधी कधी दिसतं," म्हणाले.

मी पुढे विचारलं नाही. शेवटपर्यंत नाही विचारलं.

होळीला थोडे दिवस होते. डहाणूच्या बाजारात बसले, समोरच्या माणसांकडे बघितलंच नाही. त्यांच्या डोक्यांवरून पार पलीकडे, ओल्या रेतीच्या टोकाला आबा कानामागे हात धरून उभे आहेत असं मनाशी धरलं आणि त्यांना ऐकू जाईल अशी हाक दिली. शेजारची बाई दचकली. रोज बाजाराला येणाऱ्या एक गुजराती बेन हसल्या, "अरे, आ तो बोले छे!" आणि पाटीपुढे बसल्या. त्या दिवशी मी रिकामी पाटी घेऊन घरी गेले. सासूबाईंनी पाटी उलटी करून बघितली. "काय गं, वाटेत मांजराला घातलंस का?" म्हणाल्या, पण जेवताना त्यांनी माझ्या ताटात स्वतः मासा वाढला. वरोरचं नाव पुन्हा निघालं नाही.

विमान पुढच्या वर्षी जमिनीकडच्या वाऱ्यात सापडून समुद्रावर गेलं ते गेलंच. आबांनी दुसरं केलं नाही. शेवटच्या दोन-तीन वर्षांत त्यांच्या डोळ्यांत खरंच मोतीबिंदू पिकला. पडवीतल्या खाटेवर पडून ते विचारायचे, "कोण आलं गं?" मी दारात उभी राहून सांगायची... कुठली होडी लागली, कुणाचं जाळं फाटलं, कुणाच्या पाट्या भरल्या. हलक्या आवाजात सांगितलं तर त्यांना चालत नसे.

आता खाट उभी करून भिंतीला लावली आहे. तरी होड्या दिसू लागल्या की मी हातातलं काम टाकून दारात जाते आणि मोठ्यानं सांगते. पहिल्या दिवशी माझं मलाच कसंतरी झालं, मध्येच थांबले. मागे वळले तर सासूबाई चुलीपाशी फुंकणी खाली ठेवून ऐकत होत्या.

"थांबलीस का?" त्या म्हणाल्या. "सांग की पुढे."