तक्रारबाईची सुनावणी

तक्रारबाईचा धंदा शिवणाचा. रस्त्याला लागून पुढची खोली, खोलीला ऐसपैस खिडकी, खिडकीखाली मशीन. पण विद्यापीठात ‘सार्वजनिक धोरण आणि शहरनियोजन’ अशी लांबलचक पाटी लावलेला एक विभाग होता, तिथे तिला ओळखायचे ते भांडणारी म्हणून.

झालं असं, की त्या विभागाच्या मोठ्या वर्गाचे पडदे तिने शिवले होते. पडदे वीतभर आखूड निघाले. माप दिलेलं कारकुनाने, आणि तोच वर तिच्यावर डाफरला. मग बाईने तोंडाचा पट्टा असा सोडला, की कारकून मागे सरकत सरकत कपाटाला जाऊन टेकला. दारात उभे राहून ऐकणारे प्राध्यापक पुढे आले.

“बाई, हेच आमच्या पोरांसमोर कराल का?”

“पोरांनी काय घोडं मारलंय माझं?”

“अजून काही नाही. पण उद्या ती साहेब होतील, रस्ते आखतील, लोकांची घरं पाडतील. खवळलेलं माणूस त्यांनी आधी एकदा जवळून बघावं, म्हणून.”

तेव्हापासून दर सत्राला तिचा तास ठरलेला. सरकारी भाषेत ज्याचं घर आराखड्यात सापडतं तो बाधित. एक पोरगा साहेब व्हायचा, बाकीचे बाकांवर, आणि तक्रारबाई बाधित होऊन दार ढकलून आत यायची. “कुणाला विचारून रेघ ओढलीत रे माझ्या घरावरून?” इथून सुरुवात. मग आवाज चढायचा, मग फुटायचा. “माझा नवरा याच खोलीत गेला हो, या भिंतीला पाठ टेकून!” इथवर आली की मागच्या बाकावर कुणीतरी नाक पुसायचंच.

नवरा घरी ठणठणीत. बस चालवून यायचा, पायताण काढता काढता विचारायचा, “आज कशाने गेलो?”

“छातीत कळ येऊन.”

“मागच्या खेपेला कावीळ होती. जरा सुखाचं मरण देत जा की बाई.”

रडून झालं की ती डोळे पुसायची आणि पोरांच्या चुका काढायला बसायची. मधलं टेबल आधी बाजूला सारा, टेबल दिसलं की माणूस भांडायलाच येतो. घड्याळाकडे बघू नका. त्याचं शेवटचं वाक्य त्यालाच परत द्या, त्याला वाटतं आपलं म्हणणं पोचलं. आणि पाणी द्या, पण रडायच्या आधी. हातात भरला पेला असला की माणूस हात उगारत नाही, ओरडत नाही. सांडेल म्हणून जपत बसतो. पोरं माना डोलवायची. प्राध्यापक खूश. तक्रारबाईही खूश, कारण मशीनपुढे बसलेली असताना तिचं कुणी असं ऐकलं नव्हतं.

मग तिच्याच रस्त्याचं रुंदीकरण निघालं.

मोजणीवाले आले, भिंतींवर लाल खुणा करून गेले. सगळ्या ओळीच्या पुढच्या खोल्या जाणार होत्या. मागच्या खोलीला खिडकी नाही, भर दुपारी सुईत दोरा ओवायचा म्हटलं तरी दिवा लागतो. खोली गेली म्हणजे मशीन गेलं, आणि मशीन गेलं म्हणजे तक्रारबाईची नुसतीच तक्रार उरणार. हरकती ऐकायला सुनावणी लागली. बोलायचं कुणी, हा प्रश्नच आला नाही.

धाकटी जाऊ शेजारच्याच घरात. ती म्हणाली, “जाऊबाई, तुम्हीच बोला. आजवर खोटं रडलात, आता एकदा खरं रडा.”

सुनावणीच्या खोलीत साहेबाच्या खुर्चीवर बसलेला माणूस बघून ती दारातच थबकली. हा तिच्याच तासाचा पोरगा. समोरची बाई रडायला लागली की हा कागदात तोंड खुपसायचा, म्हणून तिने त्याला पुन्हा पुन्हा साहेब करून उभं केलं होतं.

तिने तोंड उघडलं. “कुणाला विचारून रेघ ओढलीत माझ्या घरावरून?”

वाक्य बाहेर पडलं आणि तिलाच ते शिळं लागलं. दुसरं शोधायला गेली तर जुनंच पुढे यायला लागलं, सांजेला म्हैस आपसूक गोठ्याकडे वळावी तसं. आवाज चढला तोही ठरल्या जागी, फुटला तोही ठरल्या जागी. “माझा नवरा याच खोलीत गेला हो, या भिंतीला...”

नवरा दुसऱ्या रांगेत बसला होता. काय करावं न सुचून तो अर्धवट उठला. “अगं, मी आहे की!”

सगळी खोली फिदीफिदी हसली. गल्लीतली माणसंही हसली. जावेने कपाळाला हात लावला.

हसला नाही तो एकटा साहेब. त्याने हात वर करून खोली शांत केली. टेबल बाजूला सारलं, खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. “मावशी, सावकाश बोला.”

“उजेड जाईल रे,” ती म्हणाली. हे वाक्य वर्गातलं नव्हतं. “मला शिवायला उजेड राहणार नाही.”

“तुम्हाला शिवायला उजेड राहणार नाही,” तो तिच्या डोळ्यांत बघत म्हणाला.

आणि तिला वाटलं, पोचलं! वाटलं आणि लगेच अंगावर काटा आला. इतक्या वर्षांत वर्गात रेघ एकदाही हलली नव्हती. रेघ हलवायचा तास नव्हताच तो.

साहेबाने पेला भरला. तिने हात मागे घेतला. तर जावेनेच तो घेऊन तिच्या हातात कोंबला. “प्या जाऊबाई, घसा बसलाय.”

“नोंद घेतली,” साहेब म्हणाला. पुढच्या माणसाचा पुकारा झाला. तसा तो वाकून हळूच म्हणाला, अगदी वर्गात विचारायचा तसा, “मावशी, काही चुकलं का माझं?”

तिने पहिल्यापासून सगळं आठवून पाहिलं. टेबल, घड्याळ, वाक्य, पाणी. एक जरी चूक सापडली असती तर तेवढी धरून ती पुन्हा भांडायला उभी राहिली असती.

“नाही रे,” ती म्हणाली, “काही चुकलं नाही.”

उठायला गेली तर हातात भरलेला पेला. ठेवायला टेबल जवळ नव्हतं. ती तशीच बसून राहिली, पाणी सांडू नये म्हणून जपत.