अँटिबायोटिकांचं हळदगाणं

आदिलाबादची बस त्या सकाळी हळदीला निघालेल्या बायांनी भरली होती. माझी बी.फार्मची तोंडी परीक्षा होती, आणि अँटिबायोटिकांची नावं काही केल्या तोंडात बसत नव्हती. मी डोळे मिटून पुटपुटत होते.

शेजारी एक जाडजूड मावशी बसली होती. हातभर हिरव्या बांगड्या, गालात सुपारी. तिने मला कोपराने ढोसलं.

"काय जप करून राह्यली, पोरी?"

"जप नाही मावशी, औषधांची नावं हायेत. अमॉक्सिसिलिन, अझिथ्रोमायसिन, सिप्रो... सिप्रोफ्लॉक्सॅसिन."

मावशी पोट धरून हसली. "माय वो! मी तं लग्नात नवऱ्याचं नाव घेतानाबी इतकी अडखळली नवती. रडत काऊन म्हन्तं? गाऊन म्हन ना!"

आणि बांगड्यांचा ताल धरून तिने हळदीच्या गाण्यात माझी औषधं घातली. "सिप्रो आला मांडवात, अमॉक्सी बसली पाटावर!" मागच्या बायांनी टाळ्यांची साथ दिली. मी आधी लाजले, मग गाऊ लागले, मग मी पुढे आणि सगळ्या माझ्या मागे. नाव चुकलं की मावशी माझ्या मांडीवर थाप मारायची. इच्चोड्याला ती उतरली, तेव्हा नाव विचारायचंही सुचलं नाही मला.

परीक्षेत सरांनी नेमकी तीच नावं विचारली. मी धडाधड सांगितली, पण पाय ताल धरत होता आणि हसू आवरत नव्हतं.

"हसतेस कशाला?" सरांनी तेलुगूत विचारलं.

मी खरं ते सांगितलं. सरांनी दाराकडे पाहिलं.

"दार लाव," ते म्हणाले, "आणि गाऊन दाखव."