आकडे उलटणारी पोरगी

तिला सगळे चाळणीबाई म्हणतात, अगदी तोंडावरसुद्धा. कॉलेजच्या प्रवेश कचेरीत अर्ज चाळण्यात तिची उभी हयात गेली. निवृत्त झाली तरी डोळ्यांची खोड जात नाही. नवऱ्याने लिहिलेली सामानाची यादी वाचून म्हणते, "सुरुवात छान आहे, साबणापाशी घसरलात."

हल्ली सुट्टीच्या दिवशी ती जवळच्या शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात, कॉलेजला अर्ज करणाऱ्या मुलांच्या पालकांना बोलावते. बुटक्या बाकांत त्यांचे गुडघे अडकतात. भाषण नसतं. ती सगळ्यांना सरळ प्रवेश समिती करून टाकते. नावं खोडलेले अर्ज वाटते, जागा एकच, आणि निर्णय हातातला चहा निवायच्या आत. "आम्हालाही एवढाच वेळ मिळायचा," ती सांगते. मग एरवी स्वतःच्या लेकरापायी रडकुंडीला आलेली माणसं दुसऱ्यांची लेकरं पटापट उडवायला लागतात.

त्या दिवशी मागच्या बाकावर तिचा धाकटा भाऊ होता, दातांचा डॉक्टर. शेजारी त्याची मुलगी. तिचा अर्ज संध्याकाळपर्यंत जायचा होता आणि घरात आठवडाभर जुंपली होती. निबंध दोन होते, एक तिने लिहिलेला, दुसरा बापाने तिच्या नावाने. पाठवायचा कोणता? भाचीला विचारून आत्याने दोन्ही वाटपात घातले. मार्क, विषय, शाळा, सगळं तेच. फरक निबंधाचा.

आपली वाक्यं दिसताच डॉक्टर ताठ बसला.

"मार्क सारखे," चाळणीबाई म्हणाली. "शाळेत जे अवघड विषय होते, ते दोघींनी घेतलेत. इथवर आम्ही नुसती मान डोलावतो. आता बोला."

"ही नको," दवाखान्यातून थेट आलेली एक नर्स म्हणाली. "ही समाजसेवेला कटिबद्ध आहे. आमची याच वयाची, ती अंघोळीलासुद्धा कटिबद्ध नाही."

वर्ग हसला.

"अहो, पण भाषा किती प्रगल्भ!" डॉक्टर उसळला.

"तेच तर. पोरीचा आवाजच नाही यात, बापाचा येतोय."

दुसऱ्या निबंधातली मुलगी बॅडमिंटनच्या संघात कधीच निवडली गेली नव्हती. ती स्कोअरबोर्डवरचे आकडे उलटायची. हरणारा आधी बोर्डाकडे बघतो, तिने लिहिलं होतं, मग माझ्या हाताकडे, जणू गुण मीच काढून घेतला. म्हणून त्याचा गुण गेला की मी आकडा हळूच उलटते.

"ही कोणाला हवी?" चाळणीबाईने विचारलं. मग हात वर झाले. एक सोडून सगळे.

"म्हणजे हिला प्रवेश नक्की?" डॉक्टरने विचारलं.

"नक्की काहीच नसतं रे. अशा पुष्कळजणींना मी नाही म्हटलंय. जागा संपतात. पण नाही कोणाला म्हणतोय, ते तरी अशा निबंधातून कळायचं."

डॉक्टर मुलीकडे वळला. "हे मला कधी बोलली नाहीस."

"तुम्ही मॅचला कुठे येता, बाबा? मी खेळत नाही ना."

त्याने चहाचा कप बाजूला ठेवला.

"पुढची कधी आहे?"

"परवा. पण परवाही मी खेळणार नाहीये."

"माहितीये गं," तो म्हणाला आणि त्याने हात वर केला.

"चहा निवलाय. तुझं मत बाद," चाळणीबाई म्हणाली.

भाचीने मात्र ते मत धरलं, आणि तिथेच, अडकलेल्या गुडघ्यांवर लॅपटॉप ठेवून, आपला निबंध पाठवून दिला.