फक्कीने आखलेली बराक

मी लिहावं एवढी माझी लायकी नाही. आमच्या घरात कॉलेजला जाणारा मी पहिलाच, आणि वाचनही बेताचं. शिवाय बायकांच्या तुरुंगाबद्दल मी काय बोलावं? पण त्या रविवारची आठवण झाली की अजून हसू येतं, म्हणून धीर करतो. चुकलं तर सांभाळून घ्या.

आमच्या गल्लीत शिवणकाम करणाऱ्या एक चाची आहेत. खोट्या केसमध्ये काही महिने आत राहून त्या निर्दोष सुटल्या. आत बराकीत किती दाटी असते, कित्येक जणींना जामीन मंजूर होऊनही केवळ जामीन राहणारं कुणी नाही म्हणून त्या कशा सडतात, हे त्या ब्लाउजचं माप घेता घेता येईल त्या बाईला सांगायच्या. हळूहळू त्यांच्याभोवती बायका जमल्या. त्यात माझी आई होती, आणि कोर्टाचे कागद वाचायला कुणीतरी हवं म्हणून मी.

मलकापूरकडची एक बाई अशीच अडकली होती. माहेर गरीब, सासरचे येईनात. जामीन राहायला स्वतःच्या नावावर घर असलेला माणूस हवा होता. आमच्या गल्लीत घरफाळ्याची पावती स्वतःच्या नावाची आणि शब्दाला वजन, असे एकच. तालमीचे वस्ताद.

"जेलातल्या बाईला मी जामीन ऱ्हाऊ?" ते गरजले. "तालमीचं नाव घालवता व्हय?"

मग चाचींनी ठरवलं, दाखवायचंच. रविवारी सकाळी तालमीसमोरच्या पटांगणात मी चुन्याच्या पांढऱ्या फक्कीने चौकोन आखला, चाची सांगतील तेवढाच. बराकीत असतात तेवढ्या बायकांनी त्यात झोपायचं. त्या मावणार नाहीत, आणि बघणाऱ्यांना दाटी कळेल, असा बेत.

पण आमच्या लोकांची ईर्ष्या आम्ही विसरलो. पलीकडच्या गल्लीतली एक बाई ओरडली, "मावत न्हाईत म्हंजे? सरका की जरा!" झालं. कुणी कुणाच्या पायाशी डोकं केलं, कुणी पोट आत ओढलं. वस्ताद तर कुस्तीच्या फडावर असल्यासारखे पुढे आले. "त्या कोपऱ्यात अजून एक बसतीया बघा!"

चाचींनी कपाळावर हात मारला. "अगं बायांनो, मावायचं न्हाय आपल्याला!"

ऐकतंय कोण? शेवटच्या फटीत वस्तादांची बायको, म्हणजे आमच्या काकी, आडव्या शिरल्या आणि सगळ्या मावल्या. शिट्ट्या, टाळ्या. आमचं आंदोलन पार उताणं पडलं.

चाचींनी टाळ्या थांबू दिल्या. मग म्हणाल्या, "शाब्बास. आता कूस बदला."

"आई गं, माझी वेणी!"

"गुडघा काढ की माझ्या पोटातनं!"

हसून हसून साऱ्या बेजार. चाची हसल्या नाहीत. "मलकापूरची ती अशीच झोपती," त्या म्हणाल्या. "रोज."

हसू ओसरलं. बायका पदर झटकत उठल्या. काकी मात्र उठल्या नाहीत.

"उठ की. लोकं बघत्यात," वस्ताद म्हणाले.

"बघू द्यात. आधी तिला जामीन ऱ्हातो म्हणा."

"घरात बोलू."

"घरात मला बोलू देता व्हय?"

पटांगण पुन्हा हसलं. माझी आई मुकाट्याने जाऊन काकींशेजारी आडवी झाली. मग दुसरी, तिसरी. भल्याभल्यांना आस्मान दाखवलेल्या वस्तादांना आपली बायको जमिनीवरून उठवता येईना.

"बरं बाई, ऱ्हातो जामीन! ऊठ आता."

"मग हात द्या. गुडघं धरल्यात."

कोर्टाच्या दिवशी वस्ताद कडक इस्त्रीत, फेटा बांधून गेले. माझा पेपर होता, मला जाता आलं नाही. सुटकेचा कागद वेळेत जेलात पोचला नाही तर आणखी एक रात्र आतच काढावी लागते, हे मला ठाऊक होतं. पेपरात काय लिहिलं, देव जाणे. संध्याकाळी चाचींचा फोन बंद लागत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनोळखी नंबर वाजला. चाचींनी त्या बाईच्या मुलीला माझा नंबर दिला होता.

"दादा, आई कालच आली."

"आली? दे की तिला फोन!"

"झोपलीया," पोरगी हळूच म्हणाली. "हातपाय पसरून सगळं अंथरूण तिनंच धरलंय. आम्ही भाईर बसलोय सगळी. अजून उठली न्हाय."