पांढऱ्या फुलाची रिंगणी

भुईरिंगणीइतकं काटेरी झाड शोधून सापडायचं नाही. देठाला काटे, पानाच्या शिरेवर काटे, फळाच्या टोपीलासुद्धा काटे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ती सडकेच्या कडेला जमिनीला चिकटून कुठंही पसरते आणि तिचं फूल जांभळं असतं. ऐंशीच्या दशकात मी अहेरीला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत होते, तेव्हा माझ्या भाड्याच्या खोलीमागे एक रिंगणी उगवली आणि तिला चक्क पांढरं फूल आलं. जुन्या वैद्यकात या पांढरीला फार मान. पण नागपूरचे माझे मार्गदर्शक सर सहजी मानणारे नव्हते. बी पेरून पुन्हा पांढरंच फूल येऊ दे, मग वेगळा वाण म्हणू, तोवर नुसतं कौतुक, असं त्यांनी सांगून टाकलं.

झालं! माझा सगळा अभ्यास त्या बियांवर येऊन अडकला. शेळ्या तुडवतील म्हणून मी बांबूच्या काड्यांचं कुंपण केलं. काट्यांना कुंपण पाहून गल्लीनं पोट धरून हसून घेतलं. आई माझ्याजवळच राहायची. लोकं गुलाब लावतात न् माह्या पोरीनं काटे लावले, असं ती येईल त्याला सांगायची. उन्हाळ्यात एकदाची ती हिरवी पट्ट्यापट्ट्यांची फळं पिवळी पडली. आणखी थोडी वाळली की उतरवणार होते.

तेवढ्यात आईची दाढ ठणकायला लागली. दातांचा डॉक्टर चंद्रपूरला, म्हणजे एसटीत अख्खा दिवस. रविवारी नेते म्हटलं. शनिवारी कॉलेजातून आले, तर आई ओट्यावर हसत बसलेली. शेजारच्या मावशींनी तिला रिंगणीचा धूर दिला होता. आमच्याकडची ही जुनी रीत. पाण्याच्या परातीत वीट ठेवायची, विटेवर लालभडक लोखंड, त्यावर तुपात घोळलेल्या बिया. वर झाकण घालून नळीनं दाढेला धूर घ्यायचा. दाढेतले किडे पाण्यात पडतात म्हणे.

मावशींनी कौतुकानं परात पुढे केली. पाण्यात बारीक, पांढरं, वाकडं काहीतरी तरंगत होतं.

"पाय, किती किडे निंगाले," आई म्हणाली.

कसले किडे! रिंगणीच्या बीत अंकुर असाच मुडपून बसलेला असतो. बी तडतडून फुटली की तो उडून पाण्यात पडतो. मी मागे पळत गेले. कुंपणाच्या काड्या जागच्या जागी होत्या आणि आत नुसता खड्डा होता.

परत येऊन आवाज चढवूनच विचारलं, सडकेनं जांभळी ढीगभर पडली असताना माझीच काऊन? निदान मुळी तरी कुठंय? मुळी कुटून खोकल्याच्या काढ्यात गेली होती. इतकी का चिडते, हेच मावशींना कळेना.

"अवं बाई, तू शिकलेली. तूच त्याले कुंपण करून जपून राह्यली, मंग म्हटलं औषधाचं खरं झाड हेच असन."

कप्पाळ माझं! दाढ थांबली म्हणून आई रविवारी चंद्रपूरला यायला तयार झाली नाही. सोमवारी ती पुन्हा ठणकली. मी चहा ठेवत होते, तर मावशी मागच्या रिकाम्या कुंपणाशी उभ्या राहून मलाच विचारत होत्या, आता पांढरी कुठी भेटन?